पॅडिंग कोणी करायचे, हा प्रश्नच अपुरा आहे

एन्क्रिप्शनची, म्हणजे मजकूर गुप्त रूपात बदलणाऱ्या तयार कोडची, लायब्ररी हाताळणाऱ्या प्रोग्रॅमरला एक त्रुटिसंदेश कधी ना कधी भेटतोच: दिलेल्या डेटाची लांबी १६ बाइटच्या पटीत असली पाहिजे. त्यापुढे काय व्हायला हवे, यावरून लायब्ररी लिहिणारे आणि ती वापरणारे यांच्यात जुना वाद आहे. वापरणाऱ्यांचे म्हणणे असे की किती बाइट कमी पडतात हे लायब्ररीला कळत असेल तर तेवढे तिनेच भरून घ्यावेत; या भरीलाच पॅडिंग म्हणतात. त्यासाठी माणसाला अडवण्याचे कारण काय? लिहिणाऱ्यांपैकी बरेच जण उत्तर देतात की ब्लॉक सायफरचे, म्हणजे ठरावीक मापाचा तुकडा (ब्लॉक) गुप्त रूपात बदलणाऱ्या पद्धतीचे, काम ब्लॉकपुरते असते, डेटा कसा कापायचा आणि कसा भरायचा हे ज्याचे त्याने ठरवावे, आणि ज्याला एवढेही ठरवता येत नाही त्याने या वाटेला जाऊ नये. एका बाजूला सोय आणि दुसऱ्या बाजूला शिस्त अशी या वादाची मांडणी होऊन बसली आहे, आणि माझ्या मते ती दोन्ही बाजूंनी चुकली आहे. माझी भूमिका आधीच स्पष्ट करतो. सर्वसाधारण वापरासाठी असलेल्या लायब्ररीने पॅडिंगचा निर्णय वापरणाऱ्यावर सोडता कामा नये. परंतु गुपचूप बाइट भरून दिले की आपले काम संपले, असेही तिने मानता कामा नये. भर घालणे, पडताळणी करणे (मजकूर वाटेत बदलला तर नाही ना, हे तपासणे) आणि चूक कळवणे या तीन गोष्टी एकमेकींपासून सुट्या केल्या की एन्क्रिप्शन मोडते. त्या एकाच फंक्शनात, एकाच क्रमाने बांधून द्याव्यात, आणि उघडा ब्लॉक सायफर ज्याला खरोखरच लागतो त्याच्यासाठी तो धोक्याची पाटी लावलेल्या वेगळ्या दालनात ठेवावा.

पॅडिंग मुळात कशासाठी लागते ते पाहू, कारण वादातला निम्मा गोंधळ तिथेच सुरू होतो. डीईएस या जुन्या सायफरचा ब्लॉक ८ बाइटचा होता. २००१ मध्ये अमेरिकेने प्रमाण म्हणून स्वीकारलेल्या एईएस या सायफरचा ब्लॉक १६ बाइटचा आहे. सीबीसीसारख्या, म्हणजे प्रत्येक ब्लॉक आधीच्या सांकेतिक ब्लॉकशी जोडणाऱ्या, पद्धतीत मजकूर या मापाच्या तुकड्यांत कापावा लागतो आणि शेवटचा तुकडा अपुरा राहिला तर तो भरावा लागतो. भरणे सोपे असते, काढणे अवघड. डिक्रिप्शननंतर हाती आलेल्या बाइटांपैकी मूळचे कोणते आणि भरीचे कोणते, हे वाचणाऱ्याला शंकेला जागा न ठेवता कळले पाहिजे. शून्ये भरून मोकळे झालो, तर ज्या फाइलीच्या शेवटी मुळातच शून्ये आहेत तिची शेपटी भर काढताना कापली जाते. पीकेसीएस ७ ही पद्धत रूढ झाली ती हा घोळ टाळण्यासाठी: पाच बाइट कमी पडत असतील तर ५ या मूल्याचे पाच बाइट भरायचे, अकरा कमी पडत असतील तर ११ या मूल्याचे अकरा, आणि मजकूर नेमका १६ च्या पटीत असला तरीही १६ या मूल्याचा एक पूर्ण ब्लॉक जोडायचाच. हा शेवटचा नियम नवख्या माणसाला उधळपट्टी वाटतो. पण तो नसता तर ज्या सोळा बाइटच्या मजकुराचा शेवटचा बाइट ०१ आहे, त्यातला तो ०१ खरा की भरीचा, हे कोणालाही सांगता आले नसते.

भर आणि मजकूर यांच्यातली सीमा पुसली गेली की काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण या लायब्रऱ्यांच्या कितीतरी आधीचे आहे. २५ ऑक्टोबर १९४४ रोजी, दुसऱ्या महायुद्धातली लेते आखाताची लढाई चालू असताना, अ‍ॅडमिरल निमिट्झ यांनी अ‍ॅडमिरल हॅल्सी यांना टास्क फोर्स ३४ हा जहाजांचा ताफा कुठे आहे अशी विचारणा करणारा संदेश पाठवला. संदेशाची सुरुवात आणि शेवट बहुधा ठरावीक शब्दांनी होतो आणि संकेत फोडणाऱ्याला तेवढा धागा पुरतो, म्हणून अमेरिकी नौदलात दोन्ही टोकांना असंबद्ध शब्दांची भर घालण्याची पद्धत होती, आणि ती ओळखू यावी म्हणून मध्ये एकच अक्षर दोनदा घातले जाई. या संदेशाच्या मागच्या टोकाला जे शब्द आले त्यांचा अर्थ होता, ‘जगाला प्रश्न पडला आहे’. ते मूळ प्रश्नाशी इतके जुळले की हॅल्सींच्या जहाजावर पुढची भर काढली गेली आणि मागची तशीच राहिली. हॅल्सींना ते जगासमोर मारलेले बोचरे वाक्य वाटले आणि त्यांनी संतापाने डोक्यावरची टोपी काढून आपटली. नियम ठरलेला होता, खूण घातलेली होती, माणसे प्रशिक्षित होती. तरीही भर कुठे संपते हे ठरवण्याचे काम ऐन लढाईत माणसाच्या अंदाजावर आले आणि अंदाज चुकला.

शिस्तीच्या बाजूचे लोक म्हणतील की प्रोग्रॅमरला अंदाज करावा लागत नाही, त्याला फक्त मोजायचे असते. मोजणेही वाटते तितके सरळ नसते. एकदा एका प्रकल्पाचा कोड तपासताना मला हाताने लिहिलेले दोन ओळींचे पॅडिंग दिसले: स्ट्रिंगची लांबी घ्यायची, पुढच्या १६ च्या पटीला किती कमी पडतात ते काढायचे आणि तेवढी अक्षरे मागे जोडायची. इंग्रजी मजकुराच्या सगळ्या चाचण्या उत्तीर्ण झाल्या होत्या. ‘नमस्कार’ हा शब्द दिल्याबरोबर मात्र तो कोसळला. भाषेने त्या शब्दाची लांबी ७ सांगितली, कारण न, म, स, हलन्त, क, काना आणि र अशी सात चिन्हे तिने मोजली. कोडने म्हणून ९ ची भर घातली. परंतु यूटीएफ-८ या अक्षरे बाइटांत लिहिण्याच्या पद्धतीत यातल्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, त्यामुळे खरी लांबी २१ होती आणि भर ११ ची हवी होती. २१ आणि ९ मिळून ३० झाले, आणि ३० ला १६ ने भाग जात नाही. या साच्याचा कोड वर्षानुवर्षे एका प्रकल्पातून दुसऱ्यात नकलून जात आला आहे. लिहिणारा निष्काळजी होता का? मला तसे वाटत नाही. त्याच्या हाती अक्षरे होती, बाइट नव्हते. बाइट सायफरच्या दाराशीच दिसतात, आणि तिथे लायब्ररी उभी असते. जिथे माहिती नाही तिथे निर्णय ढकलायचा आणि मग निर्णय चुकला म्हणून ठपका ठेवायचा, याला शिस्त कसे म्हणायचे?

तरीही समोरच्या बाजूचे जे मुद्दे सबळ आहेत ते मान्य केलेच पाहिजेत, कारण सोयीचा पुरस्कार करणारे त्यांना सहसा भिडतच नाहीत. पॅडिंगची पद्धत एकच नाही. स्मार्ट कार्डांच्या जगात एक ८० चा बाइट (षोडशमान मोजणीतला) आणि पुढे शून्ये अशी पद्धत चालते. जुन्या प्रणालींनी नुसती शून्ये भरून ठेवलेला डेटा आजही वाचावा लागतो. काही ठिकाणी भर घालायला जागाच नसते: डिस्कचे सेक्टर ५१२ किंवा ४०९६ बाइटचे असतात आणि त्यात एकही बाइट वाढवता येत नाही. मजकूर ब्लॉकच्या मापात बसवावा न लागणाऱ्या काउंटर पद्धतीत तर पॅडिंग लागतच नाही. जी लायब्ररी सरसकट भर घालते ती या सगळ्यांच्या वाटेत येते, आणि १६ बाइट दिल्यावर ३२ बाइट परत आलेले पाहून गोंधळणारे लोकही थोडे नाहीत.

त्यांचा सर्वांत भारी मुद्दा याहून वेगळा आहे. आपोआप होणारे पॅडिंग माणसाला खोटा दिलासा देते. जावा भाषेत नुसते ‘एईएस’ मागितले तर नेहमीच्या प्रोव्हायडरकडून (एन्क्रिप्शन पुरवणाऱ्या घटकाकडून) ईसीबी, म्हणजे प्रत्येक ब्लॉक सुटा हाताळण्याची पद्धत, आणि पीकेसीएस ५ या नावाचे पॅडिंग मिळते. काही अडत नाही, कुठे त्रुटी येत नाही, भर व्यवस्थित घातली जाते आणि व्यवस्थित काढली जाते. आणि ईसीबीमध्ये सारखे ब्लॉक सारखेच दिसतात, म्हणजे मजकुराचा आराखडा सांकेतिक रूपातही उघडा राहतो. १६ च्या पटीची अट दाखवून प्रोग्रॅमरला तिथे थांबवले असते तर निदान त्याने पुढचे पान उघडून वाचले असते, असे म्हणणाऱ्याला मी सहज खोडून काढू शकत नाही. नुसत्या सोयीने सुरक्षितता येत नाही, हे जावाच्या या एका डीफॉल्टने (न मागता मिळणाऱ्या पर्यायाने) सिद्ध केले आहे.

मग थांबवावे आणि निर्णय त्याच्यावर सोडावा का? इथे २००२ चा संदर्भ अटळ आहे. त्या वर्षी सर्ज वोदने यांनी दाखवून दिले की सीबीसीमध्ये पॅडिंग बरोबर आहे की चूक, एवढेच कोणी बाहेर कळू दिले तरी किल्ली न फोडता सगळा मजकूर वाचता येतो. हे कसे घडते ते जवळून पाहण्यासारखे आहे. सीबीसीचा ब्लॉक किल्लीने उघडला की तो आधीच्या सांकेतिक ब्लॉकशी एक्सऑर होतो: दोन्हींचे बिट एकेक करून ताडले जातात, वेगळे असतील तिथे १ आणि सारखे असतील तिथे ० येतो. म्हणजे आधीच्या ब्लॉकचा शेवटचा बाइट आपण बदलला तर उघडलेल्या मजकुराचा शेवटचा बाइट नेमका तेवढाच बदलतो. हल्लेखोर दोन ब्लॉक सर्व्हरकडे पाठवतो आणि पहिल्याच्या शेवटच्या बाइटला २५६ मूल्ये एकामागून एक लावत जातो. जवळजवळ प्रत्येक वेळी सर्व्हर म्हणतो, पॅडिंग चुकीचे आहे. एका मूल्याला मात्र तो तसे म्हणत नाही. दुसरीच काही तक्रार करतो, किंवा गप्प राहतो. त्याच क्षणी कळते की उघडलेला शेवटचा बाइट ०१ झाला. क्वचित योगायोगाने ०२ ०२ जुळून येते, पण ते एका जादा चाचणीने वेगळे काढता येते. कोणते मूल्य लावल्यावर ०१ आला हे माहीत असल्यामुळे मूळ बाइट एका साध्या एक्सऑरने हाती येतो. मग शेवटचे दोन ०२ ०२ करायचे, मग तीन ०३ चे, असे मागे मागे सरकत जायचे. एका बाइटला जास्तीत जास्त २५६ प्रयत्न, १६ बाइटच्या पूर्ण ब्लॉकला ४०९६. किल्ली १२८ बिटांची आहे की २५६ बिटांची, याने काहीच फरक पडत नाही, कारण किल्लीला कोणी हात लावलेलाच नसतो.

आता प्रोग्रॅमरच्या हाती काय दिले जाते ते पाहा. पॅड, एन्क्रिप्ट, डिक्रिप्ट आणि अनपॅड अशी चार सुटी फंक्शने. अनपॅडला चुकीची भर दिसली की ते अपवाद फेकते, म्हणजे चूक झाल्याचे कळवून थांबते, आणि चांगला अपवाद काय चुकले ते नेमके सांगतो, असे आपणच प्रोग्रॅमरला शिकवलेले असते. तो अपवाद वर जातो, उत्तरात वेगळा क्रमांक किंवा वेगळे वाक्य होऊन उमटतो, आणि हल्लेखोराला हवा तो होकार-नकार मिळू लागतो. या कोडमधली प्रत्येक ओळ स्वतंत्रपणे बरोबर आहे. चूक ओळींच्या मधल्या जागेत आहे, आणि ती जागा लायब्ररीने वापरणाऱ्यासाठी मोकळी सोडलेली आहे. सप्टेंबर २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टला एएसपी.नेट या वेबसाइट बनवण्याच्या प्रणालीसाठी तातडीची दुरुस्ती काढावी लागली ती याच प्रकारच्या हल्ल्यामुळे.

‘वापरणाऱ्याने शिकून घ्यावे’ असे म्हणणाऱ्यांना मला टीएलएसचा, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातला संवाद सुरक्षित ठेवणाऱ्या नियमावलीचा, इतिहास आठवून द्यावासा वाटतो, कारण तिथे लिहिणारे नवखे नव्हते. पॅडिंगची चूक आणि पडताळणीची चूक यांसाठी वेगळे इशारे देणे घातक आहे, हे कळल्यावर दोन्हींसाठी एकच इशारा ठरला. मग उत्तराला लागणाऱ्या वेळेतून तोच फरक कळतो हे २००३ मध्ये दाखवले गेले, तेव्हा पॅडिंग चुकले तरी पडताळणीची आकडेमोड करावीच, असा नियम आला. २००८ च्या टीएलएस १.२ च्या प्रमाणाच्या दस्तऐवजातच नोंद आहे की यानंतरही वेळेचा एक लहानसा फरक उरतो, परंतु तो वापरता येण्याइतका मोठा असेल असे वाटत नाही. २०१३ मध्ये अल-फरदान आणि पॅटरसन यांनी ‘लकी थर्टीन’ नावाने नेमका तोच फरक वापरून दाखवला. ओपनएसएसएल या टीएलएसच्या लायब्ररीने त्यावर केलेल्या दुरुस्तीत एक लांबीची तपासणी निसटली आणि त्यातून नवीनच पॅडिंगची फट तयार झाली, जी २०१६ मध्ये सापडली. त्याआधी २०१४ मध्ये ‘पूडल’ या हल्ल्याने टीएलएसचे जुने रूप असलेले एसएसएल ३.० संपवले होते: त्यात भरीच्या शेवटच्या बाइटखेरीज बाकीचे बाइट काहीही असले तरी चालत आणि पडताळणी त्यांना शिवतही नसे. शेवटी २०१८ च्या टीएलएस १.३ ने सीबीसीवर आधारलेले सगळे पर्याय काढून टाकले. ज्यांनी प्रमाणे लिहिली त्यांना सोळा वर्षांत ही जागा हाताने बुजवता आली नाही. तिथे एखादे वेब अ‍ॅप्लिकेशन लिहिणाऱ्या माणसाने ती पहिल्याच प्रयत्नात बुजवावी, ही अपेक्षा कोणत्या न्यायाने धरायची?

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. मी पॅडिंगला दोषी धरत नाही, सीबीसीलाही नाही. पायथनमधली फर्नेट ही रचना एईएस-सीबीसीच वापरते आणि भरही पीकेसीएस ७ चीच घालते. परंतु सांकेतिक मजकुरावर एचमॅकची, म्हणजे मजकूर आणि किल्ली यांवरून काढलेल्या पडताळणीच्या खुणेची, मुद्रा उमटवलेली असते आणि उघडताना ती आधी तपासली जाते. मुद्रा जुळली नाही तर डिक्रिप्शन सुरूच होत नाही, त्यामुळे बदललेल्या ब्लॉकची भर बरोबर आहे की नाही हे पाहण्याची वेळच येत नाही. बाहेर एकच त्रुटी जाते. तेच घटक, तीच भर, फक्त क्रम बांधून दिलेला, आणि तो क्रम वापरणाऱ्याला बदलता येत नाही. लायब्ररीने भर घालावी की न घालावी, या प्रश्नापेक्षा हा क्रम कोणाच्या ताब्यात आहे हा प्रश्न कितीतरी मोठा आहे.

ज्ञानाचा मुद्दा अजून शिल्लक आहे, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. आतली रचना समजून घेणारा प्रोग्रॅमर न समजणाऱ्यापेक्षा केव्हाही बरा. पण निर्णय लादल्याने समज येते का? दुसऱ्या महायुद्धात ब्लेचली पार्क या ब्रिटनच्या संकेत फोडण्याच्या केंद्रात मेव्हिस लीव्हर या तरुणीच्या लक्षात आले की इटालियन नौदलाच्या एनिग्मा या सांकेतिक यंत्रावरून आलेल्या एका लांबलचक संदेशात एल हे अक्षर एकदाही नाही. एनिग्मा कोणतेही अक्षर त्याच अक्षरात बदलत नसे. त्यावरून तिने ओळखले की हा निव्वळ भरीचा संदेश आहे आणि पाठवणाऱ्याने कळफलकाच्या टोकाचे एलचे बटण पुन्हा पुन्हा दाबले आहे. तेवढ्यावरून यंत्राच्या चक्रांची जोडणी उकलायला मदत झाली. त्या माणसाला भर पाठवायला सांगितले होते. काय भरायचे हे त्याच्या हाती राहिले होते. ज्याच्या कामात ही गोष्ट किरकोळ आहे त्याच्यावर ती सोपवली की तो जवळचे बटण दाबतो. आजच्या प्रोग्रॅमरचे जवळचे बटण म्हणजे कुठूनतरी उचललेल्या दोन ओळी.

आकडेही हेच सांगतात. २०१३ मध्ये क्रिप्टोग्राफीची फंक्शने वापरणारी ११,७४८ अँड्रॉइड अ‍ॅप्स तपासली गेली, तेव्हा त्यांतल्या १०,३२७ मध्ये, म्हणजे ८८ टक्के अ‍ॅप्समध्ये, किमान एक मूलभूत चूक आढळली. २०१७ मध्ये पायथनच्या २५६ प्रोग्रॅमरांना वेगवेगळ्या लायब्रऱ्या देऊन एक प्रयोग झाला. निवडीला वाव कमी ठेवलेल्या लायब्रऱ्यांमुळे घातक निवडी कमी झाल्या, हे त्यात दिसले. पण चांगली उदाहरणे आणि नीट दस्तऐवज नसतील तर नुसता सोपेपणा पुरत नाही, हेही दिसले. दुसरा निष्कर्ष माझ्या बाजूच्या लोकांनी गिळून टाकू नये.

मग जुन्या डेटाचे, स्मार्ट कार्डांचे, डिस्कचे काय? त्यांच्यासाठी उघडा सायफर राहिलाच पाहिजे. पायथनच्या ‘क्रिप्टोग्राफी’ या लायब्ररीने अशा सगळ्या गोष्टी धोकादायक पदार्थांसाठी वापरला जाणारा ‘हॅझमॅट’ हा शब्द नावातच असलेल्या विभागात ठेवल्या आहेत, आणि ही मांडणी मला योग्य वाटते. तिथे गेलेल्या माणसाकडून मात्र लायब्ररीने स्पष्ट बोलणे घ्यावे: पद्धत कोणती, पॅडिंग कोणते, की मुद्दाम काहीच नाही. त्या दालनात डीफॉल्ट नसावा; जावाच्या चुकीचे मूळ डीफॉल्टमध्येच होते. आणि नावे खरी असावीत. पीएचपी भाषेच्या ओपनएसएसएल जोडणीत ‘ओपनएसएसएल झिरो पॅडिंग’ नावाचा पर्याय आहे. वाचणाऱ्याला वाटते की तो शून्ये भरतो. प्रत्यक्षात तो भर घालणे बंद करतो. जुनी एमक्रिप्ट ही लायब्ररी खरोखरच शून्ये भरत असे आणि ती पीएचपी ७.२ मधून २०१७ मध्ये निघून गेली. तिच्यावरून इकडे येणाऱ्याला हे नाव सरळ खड्ड्यात नेते. जावातले पीकेसीएस ५ हे नावही असेच. ते प्रमाण ८ बाइटच्या ब्लॉकपुरते होते आणि एईएससोबत चालते ते वस्तुतः पीकेसीएस ७. नावाचे भांडण क्षुल्लक आहे असे कोणी म्हणेल, पण निर्णय वापरणाऱ्यावर सोडायचा आणि त्याच्या हाती चुकीचे नाव द्यायचे, या दोन गोष्टी एकत्र आल्यावर तक्रार कोणाकडे करायची?

भर, पडताळणी आणि त्यांचा क्रम आतच ठेवणाऱ्या बंद पेटीच्या कल्पनेवर घेतला जाणारा एक आक्षेप मात्र मला खरोखर अडवतो. पॅडिंग नको म्हणून, पडताळणी आतच करणाऱ्या जीसीएम पद्धतीकडे जावे, तर तिथे प्रत्येक संदेशाला नवा नॉन्स, म्हणजे एकदाच वापरायचा आकडा, लागतो. एकाच किल्लीखाली तोच नॉन्स दोनदा वापरला गेला तर दोन मजकुरांचा एक्सऑर उघड होतोच, शिवाय मुद्रा बनावट करण्याचा मार्गही खुला होतो. म्हणजे एक ओझे उतरवून दुसरे चढवले, असे म्हणता येईल. याचे उत्तर तेच तत्त्व पुढे नेण्यात आहे: नॉन्सही लायब्ररीने स्वतः तयार करावा आणि सांकेतिक मजकुरासोबत बांधून द्यावा. जीसीएमचा ९६ बिटांचा यादृच्छिक नॉन्स एका किल्लीखाली मर्यादित संदेशांनाच पुरतो, म्हणून लांब नॉन्सची रचना निवडणे अधिक चांगले. नॅक्ल या लायब्ररीच्या बंद पेटीत नॉन्स २४ बाइटचा आहे आणि तिथे पॅडिंगही लागत नाही. तरीही, आणि हे मला फार बोलके वाटते, नॅक्लच्या सी भाषेतल्या फंक्शनाला मजकुराच्या आधी ३२ शून्य बाइट वापरणाऱ्यानेच ठेवून द्यावे लागत. इतक्या विचारपूर्वक केलेल्या लायब्ररीतही भर घालण्याचे एक काम हाताखालच्या माणसाकडे राहून गेले होते. तिची वारस असलेल्या लिबसोडियमने ‘ईझी’ नावाची फंक्शने देऊन ते काढून टाकले.

पॅडिंगचे एक वेगळे काम या वादात कोणी उच्चारतच नाही, आणि ते न उच्चारल्यामुळे ‘पॅडिंग गेले, प्रश्न सुटला’ असा समज पसरतो. ब्लॉक भरण्यासाठी भर लागत नसली तरी लांबी लपवण्यासाठी ती लागते. होय आणि नाही यांची लांबी वेगळी असेल, तर एन्क्रिप्शन कितीही भक्कम असले तरी उत्तर लांबीवरून कळते. टीएलएस १.३ मध्ये यासाठी नोंदीच्या मागे हवी तेवढी शून्ये जोडण्याची सोय आहे, आणि ती काढताना घोळ होत नाही, कारण मजकूर आणि शून्ये यांच्यामध्ये प्रकार सांगणारा, कधीच शून्य नसलेला बाइट असतो. हॅल्सींच्या जहाजावर चुकलेली सीमा इथे पक्की आखलेली आहे आणि ती पडताळणीच्या आत आहे. एन्क्रिप्ट केलेल्या डीएनएससाठी (वेबसाइटच्या नावावरून पत्ता शोधणाऱ्या सेवेसाठी) प्रश्न १२८ च्या आणि उत्तरे ४६८ बाइटच्या पटीत भरावीत, अशी शिफारस २०१८ पासून आहे. या ठिकाणी मी माझ्या नियमाला मुरड घालायला तयार आहे. किती लांबी लपवायची हे मजकुराच्या स्वरूपावर अवलंबून असते आणि ते लायब्ररीला कळू शकत नाही. तो निर्णय वापरणाऱ्याचाच आहे. मात्र त्याने फक्त किती हे सांगावे. बाइट घालणे, सीमा आखणे आणि पडताळणीनंतरच ते काढणे हे पेटीच्या आतच व्हावे.

ज्या लायब्रऱ्या आज १६ च्या पटीची अट दाखवून थांबतात, त्यांचा त्रुटिसंदेश खोटा नाही, पण तो माणसाला एकाच दिशेला ढकलतो: कसेही करून पटीत बसवा. हातघाईला आलेला प्रोग्रॅमर दस्तऐवजाचे पहिले पान वाचेल याची खात्री नाही. तो हा संदेश मात्र नक्की वाचतो, कारण त्याचे काम तिथेच अडलेले असते. म्हणून सगळे स्पष्टीकरण त्याच जागी हवे. तुम्ही धोक्याच्या विभागातला उघडा सायफर वापरत आहात. संदेश किंवा फाइल सुरक्षित ठेवायची असेल तर अमुक फंक्शन वापरा, भर आणि पडताळणी ते करील. ठरलेला जुना साचा वाचायचा असेल तर त्याच्या पॅडिंगची पद्धत नावाने द्या, आणि ते चुकल्याची बातमी बाहेर जाऊ देऊ नका. एवढ्या चार ओळी त्या संदेशात घालण्यासाठी सायफरच्या कोडला हात लावावा लागत नाही, जुना डेटा अडत नाही, आणि पुढच्या मोठ्या आवृत्तीची वाट पाहण्याचेही कारण नाही.